मतदानाची सुट्टी कोणाची?

मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असावी की नसावी, हा वाद दर निवडणुकीच्या आगेमागे एकदा उकरून काढण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. सुट्टी नसावी असे म्हणणारांचा पक्ष थोडक्यात असा की, शहरचे लोक सुट्टी मिळाली म्हणजे मतदान-केंद्राकडे न जाता लोणावळ्यास किंवा अलिबागेस जातात. सबब कचेऱ्या चालू ठेवून जाताजाता मत देण्याची मुभा तेवढी ठेवावी, म्हणजे कामाचाही खोळंबा होणार नाही. सुट्टी असावी असे म्हणणारांचा पक्ष असा की, आळशी मनुष्य सुट्टीचा दुरुपयोग करतो म्हणून कष्टाळू मनुष्याची सुट्टी काढून घेणे हा न्याय नव्हे. या दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही लक्षपूर्वक वाचले आहे, आणि आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते हे प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु दोन्ही पक्षांच्या विवेचनात एक मोठी उणीव राहून गेली आहे. हे दोघेही ज्या मतदाराविषयी बोलतात त्याला महिन्याचा पगार असतो, हजेरीपट असतो, आणि आठवड्यातून एक रविवार असतो. आमच्या बीड जिल्ह्यात मतदारांचा एक फार मोठा वर्ग असा आहे की, ज्याच्या पंचांगात रविवार नाही, आणि ज्याच्या सुट्टीला 'खाडा' असे नाव असून तीबद्दल पैसे मिळण्याऐवजी उलट कापले जातात. हा वर्ग म्हणजे ऊसतोड मजुरांचा होय.

या मजुरांची हकीकत आमच्या जिल्ह्यातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु हा लेख जिल्ह्याबाहेरही वाचला जाईल म्हणून दोन शब्द लिहितो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी या बाजूला, पाऊस बेभरवशाचा आणि जमीन हलकी. १९७२ च्या दुष्काळाने या भागाचे कंबरडे मोडले आणि पोटासाठी गाव सोडून जाण्याची जी वहिवाट पडली ती पुढे वाढतच गेली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या मार्फत टोळ्या बांधल्या जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने व्हावी यातच सगळे आले. या कोयत्याने पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेऊन खर्ची घातलेली असते, आणि ती फेडण्यासाठी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरेबाळे आणि शेरडू घालून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकातील बेळगावच्या बाजूला निघतो. तेथे फडाच्या कडेला कोपी घालून राहावयाचे, पहाटेच्या अंधारात उठावयाचे, थंडीत ओला ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीत भरावयाच्या, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यावयाचे. अशी लाखो माणसे वर्षातील पाच-सहा महिने गावाबाहेर असतात. गावात म्हातारी माणसे आणि कुलपे तेवढी राहतात.

आता कायदा पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली '१३५ ब' हे कलम घालण्यात आले. त्याचा आशय असा की, कोणत्याही धंद्यात, व्यापारात, औद्योगिक उपक्रमात किंवा अन्य आस्थापनेत नोकरीस असलेल्या आणि लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मताचा हक्क असलेल्या प्रत्येक इसमास मतदानाच्या दिवशी सुट्टी दिली पाहिजे. त्या सुट्टीबद्दल त्याची मजुरी कापता कामा नये. आणि ज्याला एरव्ही अशा दिवसाची मजुरी मिळत नसेल अशा रोजंदारी मनुष्यासही ती दिली पाहिजे. मतदार आपल्या मतदारसंघाबाहेर कामास असला तरी हा हक्क त्याला आहे. इतके वाचून कोणासही वाटेल की, आमच्या मजुरांच्या गाऱ्हाण्याला आता जागाच उरली नाही. आम्हीही वकिलीचा धंदा केलेला असल्यामुळे कायद्याचा पहिला परिच्छेद वाचून समाधान मानण्याची आम्हांस सवय नाही. म्हणून पुढचे वाचतो.

तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, जो मालक ही सुट्टी देणार नाही त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड व्हावा. पाचशे रुपयांपर्यंत! जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर वाढून टनास ३६६ रुपये ठरला. एक कोयता दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडतो असे धरले तर त्या जोडप्याच्या एका दिवसाच्या घामाची किंमत साडेपाचशे ते सव्वासातशे रुपयांच्या घरात जाते. म्हणजे कायदा मोडणाऱ्या धन्याला होणारा जास्तीत जास्त दंड हा कायदा पाळू पाहणाऱ्या मजूर जोडप्याच्या एका दिवसाच्या कमाईहूनही कमी. मजुराने एक दिवस कामावर न जाणे हे धन्याने कायदा मोडण्यापेक्षा महाग पडते, असा हा हिशेब आहे. वर मुकादमाचा खाड्याचा दंड निराळा. हे खाड्याचे भय केवढे असते याची कल्पना नसलेल्यांनी एवढेच आठवावे की, या जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली सरकारास चौकशी-समिती नेमावी लागली. जेथे महिन्याच्या अडचणीचे दोन दिवसही परवडत नाहीत, तेथे मतासाठी रजा कोण मागणार?

चौथे पोटकलम याहून चमत्कारिक आहे. ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळे त्याच्या कामात धोका किंवा भारी नुकसान होण्याचा संभव असेल त्याला हे कलम लागू नाही. विजेच्या केंद्रात किंवा रुग्णालयात काम करणारासाठी हा अपवाद ठेवला असेल तर तो रास्तच आहे. परंतु तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा उतरतो, कारखान्याची गव्हाण रिकामी पडते, हेही 'भारी नुकसान'च आहे असे म्हणावयास कारखान्याच्या वकिलाला कितीसा वेळ लागणार? आणि तेथपर्यंत जाण्याचीही त्याला गरज नाही. तो पहिल्याच पायरीवर म्हणेल की, हे मजूर आमचे नोकरच नव्हेत. आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी आहे. मुकादमाकडे जावे तर तो म्हणेल, मी कसला मालक? मीही त्यांच्यातलाच, कारखान्याचे पैसे अंगावर घेऊन बसलो आहे. अशा रीतीने ज्याचा ऊस तो मालक नव्हे, ज्याचा कारखाना तो मालक नव्हे, आणि ज्याची उचल तोही मालक नव्हे! मजूर मात्र तिघांचाही चाकर. कायद्याने सुट्टी दिली खरी, पण ती द्यावयाची कोणी हे न सांगितल्यामुळे ती वाटेतच अडकली आहे.

एक गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी त्याच कारखान्यातील हिशेबनिसास, रसायनतज्ज्ञास आणि शेतकी खात्याच्या कारकुनास सुट्टी किंवा निदान काही तासांची सवलत मिळते. उसाचा धनी आपल्या गावच्या केंद्रावर जाऊन मत देऊन येतो आणि बोटाची शाई दाखवीत बांधावर उभा राहतो. त्याच बांधाच्या आत वाकून कोयता चालविणारा जो इसम, त्याचेही नाव यादीत आहे, मताची किंमतही तितकीच आहे. परंतु त्याचे केंद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्याला एक दिवसाची सुट्टी दिली तरी तिचा उपयोग काय? पाटोद्याचा मनुष्य कोल्हापुराहून सकाळी निघून मत देऊन संध्याकाळी परत येऊ शकत नाही. ज्यांनी हे कलम रचले त्यांच्या डोळ्यांपुढे घर आणि कारखाना एकाच गावात असलेला कामगार होता.

आजवर हे फारसे जाणवले नाही याचे कारण कायदा नव्हे, तर पंचांग होय. विधानसभेचे मतदान २००४ व २००९ साली १३ ऑक्टोबरला, २०१४ साली १५ ऑक्टोबरला आणि २०१९ साली २१ ऑक्टोबरला झाले. तेव्हा बहुतेक टोळ्या हलावयाच्या होत्या. लोकसभेसाठी बीड मतदारसंघात २०१४ साली १७ एप्रिलला, २०१९ साली १८ एप्रिलला आणि २०२४ साली १३ मे रोजी मतदान झाले. तेव्हा बहुतेक लोक परतले होते. परंतु हा योगायोग आहे, हक्क नव्हे. १९९० आणि १९९५ च्या विधानसभा निवडणुका ऐन फेब्रुवारीत, म्हणजे फड भरात असताना झाल्या होत्या. पुढे २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला ठेवले गेले आणि गाळप सुरू करण्याची तारीख १५ नोव्हेंबर ठरली. तेव्हा मात्र लाखो मतदार मताला मुकणार अशी ओरड मजुरांच्या संघटनांनी केली, आणि साखरेच्या कारभाऱ्यांसही मजूर केव्हा येणार ही चिंता पडली. पाच दिवसांच्या या अंतराने जे उघडे पाडले ते पाचपंचवीस वर्षांच्या व्याख्यानांनी पाडले नव्हते. आणि येथील एकेका मताचे मोल काय आहे हे त्याच वर्षी दिसून आले होते. लोकसभेच्या निवडणुकीत बीडचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. ज्या मतदारसंघात लाखो मते पडतात तेथे इतक्या मतांचा फरक म्हणजे डोंगरपट्ट्यातील थोड्या गावांच्या टोळ्यांचा फरक. कोण जिंकले आणि कोण हरले याच्याशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. परंतु जो उमेदवार ऊसतोड मजुरांच्या नावाने व्यासपीठ गाजवितो त्याने आपला मतदार कोठे आहे याची चौकशी करावी एवढे तरी अपेक्षिणे गैर नाही.

विधानसभा-लोकसभेचे हे झाले. ग्रामपंचायतीची गोष्ट याहून वाईट आहे, आणि आमच्या मते खरे मर्म तेथेच आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले. १८ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा हजारो ग्रामपंचायतींचे झाले, आणि त्या खेपेस सरपंचही थेट लोकांच्या मतांनी निवडावयाचा होता. २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान झाले. जानेवारी काय, डिसेंबर काय, सगळे दिवस भर हंगामातले! आणि मौज अशी की, १३५ ब हे कलम शब्दशः लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकांपुरतेच आहे. स्थानिक निवडणुकीसाठी सरकार वेळोवेळी सुट्टीचे हुकूम काढते, पण ज्या क्षेत्रात मतदान आहे तेथे त्या हुकमाची दवंडी पिटते. फडापर्यंत ती कोणी नेत नाही. दिल्लीच्या सभेत कोण बसावे यासाठी निदान कागदावर सुट्टी आहे. गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या वस्तीकडे वळवावे, रोजगार हमीचे काम कोणत्या शिवारात काढावे, शाळेची खोली कोणी बांधावी, हे ठरविणारा सरपंच निवडण्यासाठी तितकेही नाही. गावात हमीचे काम निघते तर ज्या माणसाला ऊस तोडावयास जावेच लागले नसते, त्यालाच ते काम काढणारा कारभारी निवडण्याच्या दिवशी गावी येता येत नाही. जो गावात राहू शकतो तोच गावाचा कारभार ठरवितो, आणि त्या कारभारामुळे दुसऱ्याला गाव सोडावे लागते. हे चक्र कोठेतरी फोडले पाहिजे.

कोणी म्हणेल, पण हे मजूर मतदानाला येतात की! आम्ही स्वतः पाहिले आहे, गाड्या भरभरून येतात. होय, येतात. पण कोणाच्या गाडीतून? अटीतटीच्या गावात उमेदवार आपल्या खर्चाने जीप व टेम्पो पाठवितो, मुकादमाची समजूत काढतो, खाड्याची भरपाई करतो, वाटेत जेवण घालतो, आणि मत झाल्यावर पुन्हा फडावर पोचते करतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आमच्याकडे पोरासही ठाऊक आहे. मतदारास फुकट वाहनातून नेणे-आणणे हे विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत भ्रष्टाचार म्हणून गणले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु कायद्याने मजुराला स्वतःच्या पायांनी केंद्रावर जाण्याची एकही वाट मोकळी ठेवलेली नाही. तेव्हा तो दुसऱ्याच्या गाडीत बसला म्हणून त्याला दोष देताना आमची तरी जीभ अडखळते. त्याला पैशाने विकत घेतला असे म्हणणारे लोक त्याच्या एस.टी.च्या तिकिटाचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब कधी मांडून पाहतील काय?

मग करावे काय? सुट्टी रविवारी ठेवावी अशी एक सूचना आहे. फ्रान्स व जर्मनी या देशांत रविवारी मतदान होते, ऑस्ट्रेलियात शनिवारी होते. उलट अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने ठरलेला मंगळवार अजून चालू आहे, आणि शेतकऱ्याच्या सोयीसाठी ठरविलेला तो वार आता तेथील कामकऱ्याच्या गळ्यात धोंड होऊन बसला आहे. तेथून घ्यावयाचा तो बोध आम्ही इतकाच घेतो की, मतदानाचा दिवस मतदाराच्या कामाकडे पाहून ठरवावा. आमच्या मजुराला सोमवार आणि रविवार सारखेच. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो महिना. म्हणून बीडसारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यांत स्थानिक निवडणुका नोव्हेंबर ते मार्च या काळात शक्य तोवर घेऊच नयेत, हे राज्य निवडणूक आयोगाने आपल्या मनाशी पक्के केले तर निम्मे काम होईल. पावसाळ्यात निवडणूक-कर्मचाऱ्यांचे हाल होतात हे आम्ही जाणतो; पण मे महिना आहे, दसऱ्यापूर्वीचे दिवस आहेत.

जेथे तारीख टाळता येणार नाही तेथे साखर आयुक्तांनी पुढे यावे. कारखान्यास गाळपाचा परवाना तेच देतात. त्या परवान्यात एक अट घालण्यास अडचण ती कोणती? मतदानाच्या आधीचा, मतदानाचा आणि नंतरचा असे तीन दिवस त्या त्या मतदारसंघातील टोळ्यांची तोडणी बंद राहील, खाडा धरला जाणार नाही, आणि मजुरीची व वाहनाची जबाबदारी कारखान्यावर राहील. कारण परवान्याच्या कागदावर तरी मालक कोण याविषयी संशय नसतो. कारखानदार म्हणतील, गाळप बंद पडेल. अवकाळी पाऊस झाला म्हणजे फडात चिखल होऊन गाळप बंद पडत नाही काय? यंत्र बिघडले म्हणजे पडत नाही काय? पाच वर्षांतून दोन-तीन वेळा लोकशाहीसाठी पडले तर साखर कडू होणार नाही. ऊस उत्पादकाच्या नुकसानीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. तोडणीचा कार्यक्रम आठवडाभर आधी लावून घेतला आणि तोडलेला ऊस आधी उचलला, तर ते नुकसान बरेच टळेल. सगळे टळेल असे आम्ही म्हणत नाही.

याहून चांगला मार्गही कायद्यात आहेच. १९५० च्या कायद्याने स्पष्ट केले आहे की, मनुष्य काही काळ गावाबाहेर गेला म्हणजे तो तेथील रहिवासी राहत नाही असे नव्हे. तेव्हा मजुराचे नाव त्याच्या गावच्या यादीतच राहणार, आणि तेथेच राहिले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, १९५१ च्या कायद्याच्या साठाव्या कलमाने एखाद्या वर्गाच्या मतदारांस टपालाने मत देण्याची मुभा देण्याचा अधिकार निवडणूक आयोगास सरकारच्या विचाराने दिलेला आहे. या रीतीच्या सवलती सैनिकांस आहेत, निवडणुकीच्या कामावरील नोकरांस आहेत, ८५ वर्षांवरील वृद्धांस आहेत. इतकेच काय, मतदानाचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांसही दिल्या गेल्या आहेत. आम्हां वर्तमानपत्रवाल्यांची आयोगास आठवण झाली याबद्दल आम्ही आभारी आहोत. परंतु आमच्या लेखणीहून कोयत्याची गैरसोय काकणभर अधिकच असेल असे आम्हांस वाटते. काश्मीरच्या विस्थापित पंडितांसाठी जम्मू आणि दिल्ली येथे केंद्रे उघडता येतात. परगावच्या मतदारांसाठी एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची योजना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पुढे मांडली होती. अनेक पक्षांनी शंका काढल्या आणि ती मागे पडली. शंका काढणे हा पक्षांचा अधिकार आहे. परंतु बीडचे विधानसभा मतदारसंघ सहा आहेत, बहात्तर नव्हेत.

टपाली मताविषयी आम्हांस एक धास्ती आहे ती लपवून ठेवीत नाही. मतपत्रिका कोपीवर पाठविल्या तर त्या मुकादमाच्या हाती पडतील, आणि एकाच रात्री टोळीची सगळी मते एकाच शाईने रंगतील. जो उचलीच्या बंधनात आहे त्याचे मत उचलीतून सुटलेले असले पाहिजे. म्हणून पत्रिका घरोघर न पाठविता कारखान्याच्या जवळच्या एखाद्या शाळेत, कारखान्याच्या आवारात नव्हे, सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष, आडोशाच्या आत हे मतदान घ्यावे. मुकादमास तेथे शंभर पावलांच्या आत येऊ देऊ नये. स्त्रियांचा पाळा निराळा ठेवावा. एका कोयत्यात दोन मते असतात याचे विस्मरण आमच्याकडे फार लवकर पडते.

हैदराबादच्या निजामाच्या राज्यात या जिल्ह्यास जबाबदार राज्यपद्धती ठाऊक नव्हती. ती मिळावी म्हणून स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या गावी शाळेत बसून कार्यकर्ते घडविले ते अंबाजोगाई याच जिल्ह्यातले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि १९५२ पर्यंत येथील माणसाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकले. १९६७ साली याच जिल्ह्याने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांस आपला प्रतिनिधी म्हणून लोकसभेत पाठविले. परगावचा म्हणून त्यांस कोणी परके मानले नाही. आज बीडचा मनुष्य साताऱ्याच्या शिवारात ऊस तोडतो. तेथील शाळेत त्याच्यासाठी एक दिवस एक पेटी ठेवण्यास तिकडच्या लोकांचीही हरकत असेल असे आम्हांस वाटत नाही.

तूर्त जिल्हाधिकाऱ्यांस आमची सूचना एवढीच आहे. ऊसतोड मजुरांची नोंद करून त्यांस ओळखपत्रे देण्याचे काम ग्रामसेवकांकडे २०२१ पासून सोपविलेले आहे. त्या नोंदीत आणखी दोन रकाने काढावेत: मतदार यादीतील अनुक्रमांक, आणि टोळी कोणत्या कारखान्याकडे चालली आहे त्याचे नाव. दिवाळीनंतर गाड्या भरू लागतात तेव्हा हे लिहून घेण्यास एका घरामागे पाच मिनिटे पुरतात. ही यादी हाती आल्यावर किती मतदार कोठे आहेत हे तर्काने सांगावे लागणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी आयोगास, साखर आयुक्तांस व कारखान्यांस ती जोडूनच पत्रे धाडता येतील.